मुठीएवढं बीळ

सुभद्राबाईनं माझं यंत्र तिच्या बकरीच्या गळ्यात बांधलं, तिथून आमची ओळख सुरू झाली. ओळख कसली, भांडणच.

यंत्र म्हणजे बोटाएवढी स्टीलची नळी. तारेनं विहिरीत सोडली की तिच्यावर किती पाणी उभं आहे ते ती आपोआप टिपत राहते. धोंडमाळच्या शिवारातल्या विहिरींत मी अशा नळ्या सोडल्या होत्या. आठवड्यानं बघायला गेले तर या विहिरीची तार कापलेली, नळी गायब. काठावर उभी राहून मी चोराच्या नावानं बोटं मोडत होते, तेवढ्यात बांधावरून कळप उतरला. सगळ्यांच्या पुढं एक पांढरी बकरी, आणि तिच्या गळ्यात घंटीच्या जागी माझी नळी उन्हात चमकत होती.

"ओ मावशी! ते यंत्र हाय! महागाचं हाय!"

"असंल," ती म्हणाली. साठीची काटक बाई, डोक्यावर पदर, हातात तिच्याहून उंच काठी. "माझ्या हिरीत कोण टाकलं ते?"

"मी टाकलं."

"ईचारलं व्हतं का?"

विचारलं नव्हतं. ग्रामपंचायतीचं पत्र होतं माझ्याकडं, तेच मी पुढं केलं. तिनं त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

"पंचायत माझ्या हिरीची कोण लागून गेली? ही हीर म्या अन् माझ्या मालकानं खांदली. रामकिशन पोटात असताना दगडं काढले म्या डोक्यावर. पंचायतीनं एक टोपलं उचललं असंल तर बोल!"

मीही काही गरीब गाय नाही. म्हटलं, "मावशी, तुमची विहीर खाली खाली जाऊन राहिली. काहून जाऊन राहिली ते कळायला पाहिजे का नको? बकरीच्या गळ्यातून कळणार हाय का ते?"

तिनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग विचारलं, "कोणाची तू?"

"कळमनुरीच्या खाजा मियाची. विहिरीच्या भिंतीत आडवे बोअर मारतात ते."

"आगं, खाजाची पोरगी का! आधी बोलावं की न्हाई! त्यानंच तर मारले माझ्या हिरीत बोअर. बस, च्या घे." आणि सुनेला हाक गेली, "मिना, कप आन गं, बशीचा!"

ते बोअरचं वाक्य मी चहाबरोबर पिऊन टाकलं. पुढं ते माझ्या घशात अडकणार होतं, पण तेव्हा काय ठाऊक.

नांदेडच्या ऑफिसात आकडे उघडले तेव्हा साहेब बुचकळ्यात पडले. "गुलनाज, या विहिरीत पाणी शून्य आणि तापमान एवढं कोमट कसं?" मी म्हटलं, "ती बकरी आहे, सर." ते हसले नाहीत. हसणाऱ्यातले नव्हतेच ते.

आता काम काय होतं ते सांगते. गोरेगावकडून डोंगरातून एक बोगदा काढणं चालू होतं, पलीकडच्या तालुक्याला कालव्याचं पाणी न्यायला. बोगदा धोंडमाळच्या अंगाला आला आणि गावच्या विहिरी उतरायला लागल्या. लोकांनी ओरड केली, तेव्हा सरकारनं कंपनीला सांगितलं की बोगद्यानं कोणाकोणाचं पाणी ओढलं जाईल त्याचा अभ्यास करा. कंपनीनं ते काम आमच्या साहेबांना दिलं, साहेबांनी मला. ज्या पट्ट्यात पाणी ओढलं जाईल असं निघेल, तिथं बोगद्याभोवतीच्या भेगांत दाबानं सिमेंट भरायचं. बाकी ठिकाणी नुसता उघडा पत्थर. सिमेंटला वेळ लागतो, म्हणून कंपनीला तो पट्टा होईल तेवढा आखूड पाहिजे होता. हे मला कोणी तोंडानं सांगितलं नाही. न सांगताच कळत होतं.

आणि सुभद्राबाईचं काय पणाला लागलं होतं, तेही सांगते. तिचा नवरा नामाजी जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा रामकिशन पुण्याला कारखान्यात, सून आणि ही इथं. तिच्याजवळ शेळ्यामेंढ्यांचा कळप आणि ही विहीर, बस. पण विहीर अशी की सगळं धोंडमाळ कोरडं पडलं तरी ही आटत नाही. चैत्र-वैशाखात अख्ख्या गावच्या बाया हिच्या काठावर. कोणाला नाही म्हणायची नाही, पण चप्पल काढूनच काठावर चढायचं, मग कोणी का असेना. एकदा कोणी पुढारी बूट घालून चढला, तर त्याला तिनं पाणी शेंदायच्या दोराचं टोक दाखवलं होतं म्हणे. रामकिशन दर फोनवर एकच लावून धरायचा, "आई, हीर चालली. बकऱ्यांचं गिऱ्हाईक बघून ठेवलंय म्या. इकून टाक अन् इकडं ये." आणि ही दर वेळी म्हणायची, "हिरीत घोटभर पाणी हाय तवर मी हालत न्हाई." तो घोटभरच राहिला होता. विहीर गेली की कळप गेला, कळप गेला की पुण्याच्या खोलीत खिडकीशी बसून दिवस ढकलायचे. याच्याहून मोठं भ्या तिला कशाचंच नव्हतं.

मी मॉडेल बसवलं. मॉडेल म्हणजे जादू नाही हो. कॉम्प्युटरवर डोंगराचे ठोकळे पाडायचे, ताटात बर्फीच्या वड्या पाडतो तसे. एकेका ठोकळ्याला सांगायचं की तुझ्यातून पाणी किती चालतं. आमच्याकडचा काळा पत्थर म्हणजे महा हट्टी, त्याच्या पोटातून पाणी चालत नाही. चालतं ते भेगांतून, आणि दगडाच्या दोन थरांमध्ये तांबड्या मातीचा पट्टा असतो त्याच्या कडेकडेनं. मग त्या ठोकळ्यांतून बोगदा काढायचा आणि पाण्याला म्हणायचं, आता चाल. पाणी जिकडं दाब कमी तिकडं पळतं. बोगदा तर डोंगराच्या पोटातली उघडी पोकळी, तिथं दाबच नाही. आसपासचं सगळं पाणी त्या पोकळीकडं निघतं. कोणत्या भेगेनं निघतं आणि किती लांबून, एवढंच शोधायचं असतं, आणि तेच जिवावर येतं, कारण भेग काही वरून हात करून बोलवत नाही.

आमच्या मॉडेलमध्ये बोगद्याच्या बाजूच्या विहिरी पट्ट्यात आल्या, सुभद्राबाईची मात्र बाहेर निघाली. कारण सरळ होतं. विहीर आणि बोगदा यांच्यामध्ये जमिनीत काळ्या दगडाची एक उभी भिंत आहे. कधीकाळी भेगेत लाव्हा घुसून थिजला, त्याची भिंत. रानात तिचा माथा दिसतो, दगडांची एक सरळ ओळ. गावात तिला रेघ म्हणतात. रेघेच्या अलीकडचं पाणी अलीकडं, पलीकडचं पलीकडं. म्हणूनच तर तिची विहीर कधी आटत नव्हती, रेघेनं पाणी अडवून धरलं होतं. बोगदा अजून रेघेच्या पलीकडंच होता. मग त्यानं अलीकडचं पाणी ओढायचं कसं?

"पाऊस कमी पडला असेल, नाहीतर मोटार जास्त चालवत असतील," साहेब म्हणाले. मलाही तेच पटलं, आणि मी जाऊन सुभद्राबाईला तसं सांगितलं.

काय तापली ती! "मोटर? माझ्या हिरीवर मोटर दिसली का तुला? दोरानं शेंदून राहिले मी जनमभर! तुझ्या त्या डब्यात माझी हीर हाय का दुसऱ्याची? जा, तुझ्या सायबाला म्हणाव, डबा फोड अन् नवा घे."

मला राग आला. तिचा नाही, डब्याचा. कारण मोटार खरंच नव्हती, आणि पाऊस तर बराबर झाला होता. ऑफिसात येऊन मी बकरीच्या गळ्यातून सुटून पुन्हा विहिरीत गेलेल्या नळीचे पुढचे आकडे घेऊन बसले, आणि तेव्हा दिसलं. पाणी उतरायचं, उतरायचं, आणि एका जागी येऊन थांबायचं. दोरानं शेंदून खाली गेलं तर भरून पुन्हा तिथवरच यायचं. त्याच्या वर जायचंच नाही. आपोआप आटणारी विहीर अशी एका रेषेवर बसत नाही. टाकीला जिथं भगदाड असेल तिथपर्यंतच टाकी भरते, तसं होतं ते.

दुसऱ्या दिवशी चप्पल काठावर काढली आणि सुभद्राबाईला म्हटलं, "मला खाली उतरू द्या."

"पडशील."

"पडले तर काढा."

ती हसली, पहिल्यांदाच. पायऱ्या अर्ध्यापर्यंतच होत्या, पुढं कपारींत बोटं रुतवत उतरले. पाण्याच्या अगदी कडेला भिंतीत एक बीळ होतं, मूठ जाईल एवढं. आडव्या बोअरचं. मी पदरातला सुताचा धागा तोडून बिळाच्या तोंडाशी पाण्यावर सोडला. तो जरा गरगरला आणि आत गेला. दुसरा सोडला, तोही आत. विहीर त्या बिळातून पाणी पीत होती म्हणावं तर तसंही नाही. ते बीळच विहिरीला पीत होतं.

वर येऊन विचारलं, "मावशी, हे बोअर कोणत्या बाजूला मारलं?"

"रेघेकडं," ती म्हणाली. "बोगदा येऊन राहिला म्हणून समदे लोक भेले. म्हनलं, त्यो आपलं पाणी न्यायच्या आधी आपणच तिकडं हात घालावं. समद्या गावानं मारले तिकडंच. माझ्या हिरीला तर असं पाणी फुटलं, वर्सभर काठोकाठ!"

बरोबर. पहिलं वर्ष काठोकाठ, कारण रेघेपलीकडं तेव्हा पाणी होतं आणि ते बिळातून इकडं यायचं. मग बोगदा आला, पलीकडचं पाणी उपसून रिकामं झालं, आणि तेच बीळ उलटं वाहायला लागलं. इकडच्या बाकी विहिरींचे बोअर रेघेपर्यंत पोहोचलेच नव्हते. हिचं एकटीचं आरपार गेलं.

कोणाच्या मशीननं, ते तुम्हाला ठाऊकच आहे.

घरी अब्बा जेवत होते. मी विचारलं. त्यांना लगेच आठवलं, "हौ, याद है. बहुत सख्त पत्थर लगा था, दो बिट गए मेरे. फिर एकदम ढिला, और पानी ऐसा आया के मशीन छोडके भागा मैं." सांगताना खूश होते. माझं तोंड बघून त्यांचा घास थांबला. "क्या हुआ?" मी सांगितलं. ते म्हणाले, "तो अब तू मेरा बोअर डालती रिपोर्ट में? धंदा मेरा खलास करती?" मी म्हटलं, "नाव घालत न्हाई, अब्बा. बोअर घालणार." ताट तसंच सारून उठले. मंगळवारच्या बाजारापर्यंत माझ्याशी बोलले नाहीत.

मी मॉडेलमध्ये ते बीळ घातलं. घातल्याबरोबर विहीर स्क्रीनवर अगदी तशीच उतरली जशी खरी उतरत होती. बीळ बुजवलं तर पुन्हा भरली. चला, म्हटलं, सुटलं. पण मन मानेना. आम्हाला काम दिलं होतं ते रेघेपर्यंतच्या बोगद्याचं. रेघेच्या पुढचा टप्पा आमच्या कागदात नव्हता. पण बोगदा तर पुढं जाणारच होता, रेघ फोडून. कोणी सांगितलेलं नसताना मी तोही चालवून बघितला. बोगदा रेघेतून पार झाला आणि सुभद्राबाईची विहीर तळापर्यंत कोरडी. बीळ बुजवलेलं असो की नसो. रेघ फोडताना तिथल्या भेगांत आधी सिमेंट भरलं तरच ती वाचत होती.

साहेबांना दाखवलं. पहिला भाग बघून त्यांचा चेहरा खुलला. "म्हणजे चूक तिचीच! तिच्याच बोअरनं पाणी गेलं. उत्तम! एवढंच लिही."

"आणि पुढचा टप्पा, सर?"

"तो आपल्या कामात नाही. काढून टाक."

"दोन्ही जातील नाहीतर एकही जाणार नाही."

"गुलनाज, नोकरी कोणाची करतेस?"

"तुमची करते, सर. पण पाण्याला ते ठाऊक नाही."

एवढं बोलून बसले. खोटं कशाला सांगू, भीती वाटलीच. साहेब म्हणाले, पाहणीच्या दिवसापर्यंत विचार कर.

गावातही काही फुलं पडली नाहीत माझ्यावर. परमेश्वर म्हणून गावचा कार्यकर्ता, बोगद्याविरुद्ध पहिली ओरड करणारा तोच, चांगला माणूस. पण बोअरचं ऐकून तो कपाळावर हात मारून बसला. "ताई, हे बोलू नका. रात्रीतून बीळ बुजवून टाकतो. तुमी बोललात की कंपनी म्हणंल, गावानंच केलं, अन् हात झटकून मोकळी. आमच्यात राहून आमचंच वाटोळं करता का?"

"झाकलं तर निघणारच नाही का ते, दादा? त्यांच्याकडंही मॉडेल करणारे आहेत. मग तुमची खरी गोष्टसुद्धा खोटी ठरंल."

त्याला पटलं नाही. मीही चिडून निघाले. एकीकडून साहेब अर्धं लिही म्हणतात, दुसरीकडून गाव दुसरं अर्धं लिही म्हणतं. अरे, डोंगर काय अर्धा-अर्धा असतो का?

पाहणीच्या आदल्या दुपारी मी सुभद्राबाईकडं गेले आणि दोन्ही सांगितलं. बीळ तिचं आहे हेही, आणि पुढं काय होणार हेही. मला वाटलं, आता शिव्या. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिचा चेहरा एकदम म्हातारा दिसायला लागला. विहिरीकडं बघत म्हणाली, "म्हंजी म्याच सोडून दिलं व्हय नामाजीचं पाणी," आणि काठी उचलून कळपामागं गेली. मिनानं दिलेला चहा मी तसाच ठेवून उठले.

पाहणी विहिरीवरच ठेवली होती. लिंबाखाली खुर्च्या, सरकारचे मोठे साहेब, कंपनीचे इंजिनियर, आमचे साहेब, सगळं गाव. मला बोलायला सांगितलं. आमच्या साहेबांनी डोळे वटारले, परमेश्वरानं हात जोडले. मी दोघांकडंही पाहिलं नाही आणि दोन्ही सांगून टाकलं. बीळ, रेघ, उलटं वाहणारं पाणी, आणि बोगदा रेघेतून गेला की काय होईल ते. कागद मोठ्या साहेबांच्या हातात दिला.

गावात कुजबुज सुरू झाली. कंपनीचे इंजिनियर उभे राहिले, हसत. "म्हणजे आपण सगळ्यांनी ऐकलंच. विहीर मालकिणीनं स्वतःच फोडली. बोगद्याला दोष देण्यात अर्थ नाही. पुढच्या टप्प्याचं पुढं बघू, पावसाळ्यानंतर."

परमेश्वर माझ्याकडं असा बघत होता की जमीन फाटून आत जावं.

तेवढ्यात गर्दीच्या मागून आवाज आला, "वाट सोडा."

सुभद्राबाई आली. एका हातात बाभळीची ताजी तासलेली खुंटी, मुठीएवढी जाड, तिला मेंढीची लोकर घट्ट गुंडाळलेली. आणि तिच्या मागं, सांगते, माझा बाप. खाजा मिया. खांद्यावर मशीनचा लोखंडी रॉड. माझ्याकडं न बघता एवढंच म्हणाले, "सुराख मेरा है, तो डाट भी मैंच मारता." माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी तिथंच पुसलं.

सुभद्राबाई मोठ्या साहेबांसमोर उभी राहिली.

"सायब, पोरगी खरं बोलली. बीळ म्या पाडलं. पैसे देऊन पाडलं, भेऊन पाडलं. नाकारीत न्हाई." मग ती इंजिनियरकडं वळली. "तुमी पावसाळ्यानंतर बघू म्हणता. माझं बीळ मुठीएवढं, त्येनं एवढी हीर पिली. तुमचं बीळ ट्रक जाईल एवढं. त्ये काय पिईल? मी माझं बीळ आज, समद्यांच्या म्होरं बुजवून राहिले. तुमी तुमचं कधी बुजवता, बोला. आज बोला. न्हाई बोलले तर मी माझ्या परीनं इचारीन!"

तिनं पदर खोचला, चप्पल काठावर काढली आणि उतरायला लागली. साठीची बाई! मिना "आत्याबाई, न्हाई!" म्हणून रडायला लागली. अब्बा तिच्या मागं उतरले. वरून आम्ही वाकून बघत होतो. तिनं खुंटी बिळात बसवली, अब्बांनी रॉड लावला, आणि ठोका पडला तसा सगळ्या विहिरीत घुमला. लोकर पाण्यानं फुगली की खुंटी हलत नाही, ते तिच्या कळपातलंच ज्ञान. इंजिनियरांनी घड्याळ बघितलं आणि गाडीत बसले. मोठे साहेब मात्र ती वर येईपर्यंत थांबले. ओल्या लुगड्यानं ती वर आली तेव्हा ते एवढंच म्हणाले, "बाई, बघतो मी." 

"बघा," ती म्हणाली, "तवर मी बी बघते."

पाहणी संपली, माझी नोकरीही संपली. साहेबांनी फोनवरच सांगितलं. मी म्हटलं, ठीक आहे सर, नळ्या तेवढ्या परत पाठवते. सुभद्राबाईच्या विहिरीतली मात्र पाठवली नाही.

विहीर त्या रेषेच्या वर चढली. हळूहळू, पण चढली. साध्या बाईनं म्हटलं असतं, झालं आपलं, बोगदा जाऊ दे खड्ड्यात. सुभद्राबाईला मी नीट सांगितलं होतं की हे पाणी रेघ शाबूत आहे तोवरचंच. एका सकाळी ती कळप घेऊन निघाली ती चराईला नाही गेली. थेट बोगद्याच्या तोंडाशी गेली. आतून भिंतीकडंच्या नाल्यातून पाणी वाहत येतं, थंडगार, नितळ. कळप तिथं ओळीनं उभा राहिला आणि प्यायला लागला.

"प्या गं बायांनो," ती मोठ्यानं म्हणाली, "आपलंच हाय."

मग बकऱ्या बसल्या. बोगद्यातली गार हवा, प्यायला पाणी, कशाला उठतील? डंपर हॉर्न वाजवून वाजवून थकले. पांढरी बकरी तर डंपरच्या चाकाला पाठ घासत होती. मुकादम ओरडायला लागला, तशी सुभद्राबाई म्हणाली, "आवाज खाली. गाभणी हायेत दोघी." दुसऱ्या दिवशी गावातल्या रुख्मिणीबाई आणि भिकाबाई घागरी घेऊन आल्या, तिथलं पाणी भरायला. तिसऱ्या दिवशी अर्धं गाव. परमेश्वरही आला, माझ्यापुढं उभा राहिला, सतरंजी अंथरली. गोरेगावचा हवालदार आला, त्यानं बकऱ्यांकडं बघितलं, सुभद्राबाईकडं बघितलं, आणि म्हणाला, "मावशी, लेकराला घोटभर दूध मिळंल का?" पिऊन गेला.

काम थांबलं ते थांबलंच. शेवटी मोठ्या साहेबांचा हुकूम आला की रेघ फोडायच्या आधी तिथल्या भेगांत सिमेंट भरा, मगच सुरुंग लावा. कंपनीचा माणूस हुकूम घेऊन आला आणि म्हणाला, आता तरी उठा. ती म्हणाली, "मशीन येऊ दे." मशीन आलं. "भरू दे." भरेपर्यंत ती उठली नाही. तिथंच भाकऱ्या, तिथंच दूध काढणं, एक बकरी तर तिथंच व्याली.

रेघेत सुरुंग लावायचा दिवस आला तेव्हा सुभद्राबाई विहिरीच्या काठावर बसली होती. मी शेजारी, हातात मोजायची फीत. फितीच्या टोकाला पाणी लागलं की ती टीं वाजते. मिना, अब्बा, सगळे बसलेले. रामकिशनचा फोन येऊन गेला होता, गिऱ्हाईक उद्या येतंय म्हणून. ती त्याला काहीच बोलली नव्हती.

भोंगा झाला. जमीन पायाखाली हलली, काठावरची माती विहिरीत घरंगळली, पाण्यावर वर्तुळं उठली. अब्बांनी डोळे मिटले. मी फीत सोडली. मॉडेल माझं होतं हो! चुकलं असतं तर त्या बाईच्या तोंडाकडं बघणं मला जन्मात जमलं नसतं.

टीं.

खूण बघितली. कालचीच. थोडं थांबून पुन्हा सोडली. तीच. दुपार कलली, आतले सुरुंग वाजत राहिले, मी सोडत राहिले, आणि फीत त्याच खुणेवर वाजत राहिली. सुभद्राबाई कान देऊन बसली होती. ऊन उतरलं तशी ती उठली, फीत माझ्या हातातून घेतली आणि स्वतः सोडली. टीं वाजल्यावर तिनं खूण बोटानं धरून मला दाखवली. मी मान हलवली. मिना एकदम रडायलाच लागली.

"रडतीस काहून? फोन लाव," सुभद्राबाई म्हणाली.

मिनानं लावून दिला. पलीकडून रामकिशन काहीतरी बोलत होता. ती त्याचं पुरं होईपर्यंतही थांबली नाही.

"गिऱ्हाईकाला सांग, येऊ नको. बकऱ्या इकायच्या न्हाईत. अन् म्हातारी बी येत न्हाई. तुलाच यायचं असंल तर ये, आंघोळीला पाणी हाय."

फोन मिनाकडं दिला, काठी उचलली, आणि जाता जाता माझ्याकडं वळून म्हणाली, "ती तुझी नळी ऱ्हाऊ दे हिरीत. पर आता तरी ईचार."

मी विचारलं.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली, आणि कळप घेऊन रानात गेली.